टर्बो केवढा लावायचा?

मी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत डिझेल इंजिनांच्या टर्बोचं काम करतो. मूळचा सोलापूरचा, पण चेन्नईत येऊन आता बावीस वर्षं होतील. त्यामुळे बोलताना मधूनच एखादा तमिळ शब्द आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय सरळ आहे. डिझेल ट्रकच्या इंजिनाची ताकद वाढवायची ठरवली, तर टर्बो केवढ्या मापाचा निवडायचा? आणि दोन लावायचे असतील, तर मोठा केवढा आणि लहान केवढा?

हा विषय बोलायला चेन्नईसारखं दुसरं गाव नाही. उत्तरेला एन्नूरला अशोक लेलँड आहे. १९४८ साली अशोक मोटर्स म्हणून सुरू झालेली कंपनी. ऐंशीच्या दशकात तिनं जपानच्या हिनोकडून एच सिरीजच्या इंजिनाचं तंत्र घेतलं, आणि ती इंजिनं दक्षिणेतल्या प्रत्येक मेकॅनिकच्या हाताखालून गेली आहेत. टर्बो बनवणारी टर्बो एनर्जी ही कंपनीसुद्धा इथलीच, १९८२ सालची. आणि शहराच्या मधोमध पुदुपेट आहे, जिथे गाडीचा कुठलाही जुना भाग मिळतो. म्हणजे नवा टर्बो, जुना टर्बो, मोठा, छोटा, सगळं हाताशी. अडचण तिथेच सुरू होते. इतकं समोर दिसतं, की माणूस डोळ्यांनी निवडतो. इथल्या गॅरेजमध्ये एक वाक्य रोज ऐकू येतं, ‘पेरिय टर्बो पोट्टा पोदुम’. मोठा टर्बो टाकला की झालं.

आकड्यांकडे जाण्याआधी कायद्याचं सांगतो, कारण व्हिडिओ बघून कुणी उद्या सकाळी पाने घेऊन बसायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये टर्बो, ईजीआर, धूर गाळणारा फिल्टर, युरियाची टाकी आणि ईसीयू हे सगळं एकमेकांत विणलेलं आहे. त्यातला एक धागा ओढला की सगळं उसवतं. त्यामुळे मी आज रस्त्यावरच्या गाडीबद्दल बोलत नाही. बंदिस्त आवारातच चालणारे जुने ट्रक, बोअरवेलच्या गाडीवर बसवलेलं इंजिन, शर्यतीचा ट्रक, अशांबद्दल बोलतोय.

आता एक खरं काम सांगतो. एन्नूरच्या बाजूला एका बंदिस्त यार्डात लोखंडी सांगाडे ओढणारा जुना ट्रक होता. सहा सिलिंडर, साधारण सहा लिटरचं इंजिन, जुन्या पद्धतीचा इनलाइन पंप. काम एकच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जड ट्रेलर ओढायचा, मध्ये एक चढ. चढावर गाडी १,२०० ते १,४०० आरपीएमला मरायची. मालकाला २०० अश्वशक्ती हवी होती. त्यांनी जुन्या बाजारातून नऊ-दहा लिटरच्या इंजिनाचा एक मोठा टर्बो आणला, फ्लँज जुळवून बसवला, पंपवाल्याकडून डिझेल वाढवून घेतलं. गाडी सपाटीवर पळायला लागली आणि चढावर आधीपेक्षा वाईट झाली. काळा धूर, लाल झालेला मॅनिफोल्ड, आणि ड्रायव्हर बिचारा क्लच घासत घासत चढ काढतोय.

असं का झालं? चला, कागद घ्या.

सहा लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सहा लिटर हवा आत घेतं. २,४०० आरपीएमला मिनिटाला १,२०० वेळा, म्हणजे ७,२०० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून त्याचे ९० टक्के धरा. साधारण ६.५ घनमीटर. आता उलट बाजूनं या. २०० अश्वशक्ती म्हणजे १५० किलोवॅट. असं इंजिन एका किलोवॅटला तासाला साधारण २१० ग्रॅम डिझेल खातं, म्हणजे तासाला ३१.५ किलो. एक किलो डिझेल धूर न करता जाळायला २४ किलो हवा धरली, तर तासाला ७५६ किलो, मिनिटाला १२.६ किलो हवा लागली. ही १२.६ किलो हवा त्या ६.५ घनमीटरमध्ये बसवायची आहे. म्हणजे एका घनमीटरला १.९४ किलो. इंटरकूलरनंतर हवा ६० अंशांवर असेल, तर त्यासाठी मॅनिफोल्डमध्ये १.८६ बार दाब पाहिजे. त्यातला एक बार वातावरणाचाच. एअर फिल्टर आणि इंटरकूलर थोडा थोडा दाब खातात, ते धरून कॉम्प्रेसरनं हवा जवळपास दुप्पट दाबली पाहिजे. तर हा पहिला बिंदू: १२.६ किलो, दोन पट.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि खरेदीला निघतात. पण या गाडीचं काम २,४०० ला नव्हतंच! ती मरत होती १,३०० ला. म्हणून दुसरा बिंदू काढायचा. १,३०० आरपीएमला तेच इंजिन मिनिटाला साडेतीन घनमीटर हवा घेतं. तिथे हवा १.८ पट दाबून मिळाली तर मिनिटाला ६.४ किलो बसते. तेवढ्या हवेत ८५ किलोवॅटचं डिझेल नीट जळतं, म्हणजे शाफ्टवर सहाशेच्या वर न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. चढाला तो पुरेसा होता.

आणि त्या मोठ्या टर्बोनं काय दिलं? १,३०० ला गेजवर पाव बार. बस. एवढ्या एक्झॉस्टमध्ये ते जड चाक फिरतच नव्हतं. पाव बारला हवा बसते मिनिटाला पावणेपाच किलो, आणि पंप मात्र ८५ किलोवॅटचं डिझेल ओततोय. हिशेब केला तर एका किलो डिझेलला सोळा-साडेसोळा किलो हवा. अठराच्या खाली आलं की काळा धूर ठरलेला. तो धूर म्हणजे पैसे तर आहेतच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती उष्णता आहे. एक्झॉस्टचं तापमान ७५० च्या वर होतं. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला मी सतत ७०० च्या वर जाऊ देत नाही. अजून महिनाभर तशी चालली असती, तर हेड उघडून पिस्टनची वितळलेली कड बघावी लागली असती.

मग कुणीतरी त्यांना शहाणपण सांगितलं, की टर्बो तोच ठेवा, फक्त मागचं टर्बाइन हाउसिंग अरुंद टाका. हे जरा समजून घ्या, कारण हा सल्ला महाराष्ट्रातही सर्रास मिळतो. टर्बोच्या दोन बाजू असतात. गरम बाजूला टर्बाइन, थंड बाजूला कॉम्प्रेसर, मध्ये एक शाफ्ट. गरम बाजूच्या गोगलगायीसारख्या हाउसिंगचा गळा किती रुंद, हे ए-आर रेशोवरून कळतं. गळ्याचं क्षेत्रफळ भागिले शाफ्टच्या मध्यापासूनचं अंतर. आकडा लहान म्हणजे गळा अरुंद, एक्झॉस्ट जोरात येतो, चाक लवकर फिरतं. म्हणजे हाउसिंग बदलल्यावर १,३०० ला बूस्ट येणार, हे खरंच आहे. आलाच. पाव बारचा पाऊण बार झाला. आणि तिसऱ्या दिवसापासून गाडी भुंकायला लागली.

हे भुंकणं म्हणजे सर्ज. ते समजायला कॉम्प्रेसरचा मॅप बघावा लागतो. तो आता पडद्यावर आहे. आडवा अक्ष हवेचा, किलोमध्ये. उभा अक्ष दाब किती पट झाला याचा. मधली वर्तुळं तुम्हाला ओळखीची वाटतील. सह्याद्रीच्या ट्रेकच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात, तशाच या कार्यक्षमतेच्या रेषा. मधलं बेट सगळ्यात चांगलं, तिथे ७५ टक्क्यांच्या आसपास. डावीकडची तिरपी रेषा म्हणजे सर्ज लाइन. तिच्या डावीकडे गेलात की हवा कमी आणि दाब जास्त अशी स्थिती होते. हवा चाकाला चिकटून पुढे जात नाही, उलटी फिरते, पुन्हा जाते, पुन्हा उलटते. प्रत्येक वेळी शाफ्टला धक्का. लोकांना तो फुर्र-फुर्र आवाज भारी वाटतो, रील बनवतात. थ्रस्ट बेअरिंगला विचारा.

त्या मोठ्या कॉम्प्रेसरची सर्ज लाइन १.८ पट दाबाला साधारण साडेसात किलोवर होती. आपला बिंदू ६.४ वर. म्हणजे अरुंद हाउसिंगनं गाडीला नेमकं ओढून रेषेच्या चुकीच्या बाजूला नेलं. मोठा कॉम्प्रेसर आणि अरुंद टर्बाइन ही जोडी दिसायला हुशारीची, पण ट्रकच्या कामाला मला ती कधीच पटलेली नाही.

आम्ही मग असा कॉम्प्रेसर शोधला, की ज्याची सर्ज लाइन १.८ पटीला पाच किलोच्या आसपास आहे आणि दोन पटीला जो सोळा किलोपर्यंत दम धरतो. आपले दोन्ही बिंदू, ६.४ आणि १२.६, त्या बेटाच्या दोन बाजूंना बसले. सर्जपासून वीस टक्क्यांहून जास्त अंतर. चाकाचं पुढचं तोंड ४९ मिलिमीटर, मागचा व्यास ६६. या दोन आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग करून शंभरनं गुणलं की ट्रिम येतो. इथे ५५. आधीच्या टर्बोच्या शेजारी ठेवला तर हा लहान भाऊ दिसायचा. मालक म्हणाले, ‘साहेब, एवढासा?’ एवढासा असला तरी लाख फेऱ्यांना त्या चाकाचं टोक ताशी बाराशे किलोमीटरच्या पुढे पळतं, आवाजाच्या वेगाच्या आसपास. म्हणून त्याला धुळीचा एक खडा किंवा तेलातला कचरा चालत नाही.

टर्बाइनकडे आम्ही दोन गळ्यांचं हाउसिंग घेतलं. सहा सिलिंडरमध्ये पुढच्या तीनचा एक्झॉस्ट एका गळ्यातून आणि मागच्या तीनचा दुसऱ्यातून. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, म्हणजे एकदा पुढचा गट, एकदा मागचा. एकाचा झटका दुसऱ्याच्या आड येत नाही, आणि कमी आरपीएमला त्या झटक्यांचाच उपयोग होतो. गळा बरोबर आहे का, हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. मॅनिफोल्डला तांब्याची लांब नळी वेटोळी करून जोडायची आणि तिला गेज लावायचं. पूर्ण लोडला टर्बाइनच्या आधीचा दाब बूस्टच्या जवळपास असला तर ठीक. दीडपट झाला तर गळा अरुंद आहे, इंजिन स्वतःचाच धूर ढकलण्यात ताकद घालवतंय. तिथे वेस्टगेट उघडण्यापेक्षा एक माप मोठं हाउसिंग टाकलेलं बरं.

बसवल्यावर १,३०० ला बूस्ट पाऊण बारच्या थोडा वर गेला, एक्झॉस्ट ६४० वर थांबला, धूर गियर बदलताना जेमतेम दिसायचा. पंपावर बूस्टप्रमाणे डिझेल सोडणारा जो डबा असतो, तो आधी कुणीतरी बंद करून ठेवला होता. तो चालू करून घेतला. हवा आल्याशिवाय डिझेल द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

आता चेन्नईच्या हवेबद्दल. इथे मे महिन्यात दुपारी ४० अंश नेहमीचंच. ४० अंशांची हवा दुप्पट दाबली, कॉम्प्रेसर ७२ टक्के कार्यक्षम असला, तर ती १३५ अंशांवर बाहेर येते. तोच कॉम्प्रेसर बेटाबाहेर, ६० टक्क्यांवर चालत असेल, तर १५४ वर. वीस अंशांचा हा फरक इंटरकूलरच्या डोक्यावर बसतो. पुण्यात थंडीच्या सकाळी घेतलेली चाचणी इथे कामाची नाही. उलट इथली चाचणी घेऊन बेंगळुरूला जाल तर दुसरी गंमत. ते शहर ९०० मीटरवर. तिथे वातावरणाचाच दाब जवळपास दहा टक्के कमी, म्हणून तेवढीच हवा भरायला कॉम्प्रेसरला दोनऐवजी जवळपास २.२ पट दाबावं लागतं. बिंदू मॅपवर वर सरकतो आणि चाकाचा वेग वाढतो. कृष्णगिरी, होसूर असा चढ चढणाऱ्या किंवा कसारा घाट काढणाऱ्या गाडीचा टर्बो निवडताना वरच्या टोकाला ही जागा ठेवावी लागते. समुद्रकाठच्या यार्डातल्या ट्रकला ती नको होती, म्हणून आम्ही ती ठेवली नाही.

बोअरच्या गाड्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत. उन्हाळ्यात मराठवाड्यात, सोलापुरात, विहिरी आटल्या की तमिळनाडूच्या पाटीच्या त्या गाड्या गावात शिरतात. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोड हे त्यांचं माहेर. त्यांच्यावर हवेचा कॉम्प्रेसर चालवणारं इंजिन दिवसभर जवळपास एकाच वेगावर चालतं. त्यामुळे त्याचा टर्बो निवडणं माझ्या दृष्टीनं सोपं. मॅपवर एकच बिंदू, तो बेटाच्या मधोमध टाका. मात्र तिथे शत्रू वेगळा आहे, धूळ. फिल्टर तुंबला की टर्बोच्या तोंडाशीच दाब पडतो, आणि तेवढाच बूस्ट द्यायला चाक आणखी जोरात फिरतं. गेजवर काहीच कळत नाही, पण टर्बो आपल्या वेगाच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो. म्हणून बोअरवाल्यांना मी सांगतो की बूस्टचं गेज नंतर घ्या, फिल्टरचा इंडिकेटर आधी लावा.

राहिली दोन टर्बोंची गोष्ट. आपल्याकडे २०१४ साली बुद्ध सर्किटवर टाटांच्या प्रायमा ट्रकची शर्यत झाली, तेव्हापासून मुलं हे फार विचारतात. समजा त्याच सहा लिटरमधून ४०० अश्वशक्ती हवी. हवा लागेल मिनिटाला २५ किलो आणि दाब चार पट. एकाच टर्बोनं चार पट दाबायला गेलात तर ४० अंशांची हवा २५० अंशांवर पोचते, आणि कमी आरपीएमला काही मिळत नाही. म्हणून काम वाटून द्यायचं. चारचं वर्गमूळ दोन, म्हणजे प्रत्येकानं दोन पट. मोठा टर्बो बाहेरची हवा घेतो, त्याला पूर्ण २५ किलोचं माप लागतं. लहान टर्बोला काय मिळतं? आधीच दुप्पट दाबलेली हवा. वजन तेच २५ किलो, पण जागा निम्मी. मध्ये इंटरकूलर असेल आणि हवा ६० अंशांवर आली, तर लहान टर्बोच्या मॅपवर हा बिंदू २५ ला नाही, १३ किलोच्या थोडा पुढे मांडायचा. मध्ये इंटरकूलर नसेल तर साडेचौदाच्या पुढे. गंमत बघा, तेरा किलो, दोन पट. म्हणजे आपल्या यार्डातल्या ट्रकला लागला, जवळपास तोच टर्बो इथे लहान भावाच्या जागी बसतो. फक्त त्याचं टर्बाइन हाउसिंग आणि वेस्टगेट वेगळं लागेल, आणि हेड बोल्ट, गॅस्केट, पिस्टनवर तेल मारणारे नॉझल हे सगळं आधी तपासावं लागेल. चार पट हवा भरलेला सिलिंडर ढकलतो तेव्हा जुनं गॅस्केट पहिल्या दिवशी निरोप घेतं.

पुदुपेटमधून किंवा कुर्ल्याहून जुना टर्बो घेणार असाल तर पाटीवरचा नंबर आधी वाचा. पाटी नसेल, तर चाकाची दोन मापं कॅलिपरनं घ्या आणि त्यावरून मॅप शोधा. मॅप मिळत नसेल तर तो टर्बो कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही. शाफ्ट बोटानं वर-खाली किंचित हलला तर चालेल, तेल भरल्यावर ते बसतं. पुढे-मागे हलला तर ठेवून द्या. आणि बसवताना तेलाची परतीची नळी जाड, सरळ खाली उतरणारी असू द्या. ती वाकडी गेली की तेल सीलमधून बाहेर येतं, आणि मग निळा धूर बघून लोक नव्या टर्बोला नावं ठेवतात.

मॅप पडद्यावर राहू देतो. कुणाला आपल्या इंजिनाचे लिटर, आरपीएम आणि कामाचा लोड सांगायचा असेल तर सांगा, दोन्ही बिंदू इथेच मांडू.